छोट्या दुकानाला ऍक्सेस पॉइंट कुठला? मी म्हणतो आधी केबल, मग डबा

केबलआधी (टिळकवाडी)

मंडळी, बेळगावात दुकानं, दवाखाने, लॉज, मंगल कार्यालयं यांचं नेटवर्किंग करून पोट भरतोय, आणि दर आठवड्याला एकच प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीचा ऍक्सेस पॉइंट घेऊ?" (ऍक्सेस पॉइंट म्हणजे राऊटरकडून नेट घेऊन वायफाय देणारा डबा.) माझं मत सरळ सांगतो, पटलं तर पटलं नाहीतर भांडा. दहा-वीस माणसांच्या धंद्याला कंपनी कुठली हा तिसरा-चौथा प्रश्न. पहिला प्रश्न हा की त्या डब्यापर्यंत अस्सल तांब्याची केबल पोचणार आहे का नाही.

परवाचंच सांगतो. शहापुरात एक साडीचं दुकान, तीन मजले, जुनी इमारत, जांभ्याच्या दीड-दोन फुटी भिंती. आत मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे गिऱ्हाईकाला पेमेंटसाठी वायफाय द्यावंच लागतं. राऊटर खाली काउंटरवर. पहिल्या मजल्यावर बाई दोन तास बसून इरकल निवडतात, क्यूआर स्कॅन करतात आणि चक्र फिरतच राहतं, मग सगळं कुटुंब जिन्यात येऊन उभं, फोन वर धरून. मालकांनी आठ अँटेनाचा राऊटर आणला, काडीचा फरक नाही. पडणारच नाही ओ! राऊटरचा आवाज फोनपर्यंत पोचला म्हणून फोनचा आवाज राऊटरपर्यंत पोचतोय असं नसतं, फोनची बॅटरी केवढी, अँटेना केवढी. स्क्रीनवर दांड्या तीन-चार दिसतात आणि काम होत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

आता त्यांच्याकडे तीन कोटेशनं आलीत. एक मेशचा (डबे एकमेकांशी केबलशिवाय, वायफायनेच जोडलेले) तीन डब्यांचा सेट, एक दरवर्षी लायसन्स भरायचं महागडं सामान, आणि एक माझं: दर मजल्याला छतावर एक साधा वायफाय ६ चा ऍक्सेस पॉइंट, प्रत्येकाला कॅट सिक्स केबल, खाली ८ पोर्टचा पीओई स्विच (नेटच्या केबलमधूनच वीज देणारा) आणि त्याला यूपीएस. मालक म्हणाले तुमचं सगळ्यात साधं दिसतंय. म्हणून इथं विचारतोय, साधं म्हणजे कमी का?

निपाणीकर

दादा तुमचं बरोबर असेल पण तुम्ही स्वतःच्या मालकीची इमारत धरून बोलुलालाय. आमच्यात निम्मी दुकानं भाड्याची, मालक खिळा मारायला देत नाही आणि तुम्ही जांभ्यात ड्रिल मारायला सांगताय. मी मेश लावलाय आमच्या दुकानात आणि मागच्या गोडाऊनला, तीन डबे, ऍपवरून अर्ध्या तासात चालू, दोन वर्षं झाली हात लावलेला नाही. केबल म्हटलं की इलेक्ट्रिशियन आला, केसिंग-कॅपिंग आली, दोन दिवस दुकानात धूळ, साड्यांवर जांभ्याची तांबडी पूड बसली तर कोण भरून देणार? ह्या सगळ्याचा खर्च तुमच्या कोटेशनात नसतो हे पण सांगा की.

केबलआधी

धुळीचं म्हणणं मान्य, त्याचा खर्च मी आधी लिहीत नव्हतो, आता लिहीन. पण मेशचं नीट बघा. साध्या दोन बँडच्या (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) मेशमध्ये मधला डबा एकाच रेडिओवर फोनशी पण बोलतो आणि मागच्या डब्याशी पण, त्यामुळे प्रत्येक उडीला स्पीड साधारण निम्मा. तिसरा रेडिओ वेगळा असेल तर जरा बरं, पण त्याला पण भिंतीतून जायचंच असतं आणि तो सहसा ५ गिगाहर्ट्झवर चालतो, जो भिंतीला २.४ पेक्षा लवकर हरतो. तुमच्या दुकानात विटांच्या पातळ भिंती असतील, मागं गोडाऊनमध्ये एखादाच माणूस, तिथं मेश चालणार, मी नाही म्हणतच नाही. इथं जांभा आहे, आणि पावसाळ्यात तो ओल धरतो. जुलैमध्ये मोजलेला सिग्नल आणि एप्रिलमध्ये मोजलेला सिग्नल यात फरक मी स्वतः बघितलाय, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना.

आणि लाईट! मेशचे तीन डबे म्हणजे तीन प्लग, तीन ठिकाणी बॅकअप पाहिजे. पीओई म्हणजे वीज केबलमधूनच जाते, खाली एका स्विचला यूपीएस लावला की तिन्ही मजल्यांचं वायफाय चालू. आमच्याकडे पावसात लाईट कितीदा जाते हे तुम्हाला काय सांगायचं.

फौंड्रीवाला उद्यमबाग

दोघांचंही दुकानापुरतं ठीक आहे. पण "कंपनी कुठली हा तिसरा-चौथा प्रश्न" हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. माझ्या शेडमध्ये वर पत्रा, मध्ये ओव्हरहेड क्रेन, खाली कास्टिंगचे ढीग, सगळीकडे लोखंड, त्यात वाळूची धूळ आणि भट्टीची धग. पहिल्यांदा केबल अगदी उत्तम टाकली, आणि डबा स्वस्तातला. उन्हाळ्यात दुपारी दोन नंतर तो तापून बंद पडायचा, डिस्पॅचचा पोरगा स्कॅनर घेऊन ऑफिसच्या दारात यायचा. मग आयपी ६७ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा, आउटडोअर डबा घेतला, जास्त तापमानाला चालणारा, तेव्हा थांबलं. केबल तीच होती. त्यामुळे तुमचं तत्त्व अर्धवट आहे. आणखी एक, बिघडला तर बदलून कोण देणार? माझ्याकडे वॉरंटीचं सामान पाठवायला कधी कोल्हापूर कधी हुबळी, दोन्हीकडं शंभर किलोमीटरच्या आसपास. ज्या कंपनीचा माणूस गावात आहे तीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत.

केबलआधी

अण्णा, हे मात्र लागलं. भट्टीजवळ डबा आधी बघायचा, मान्य. मी दुकान-ऑफिस डोळ्यासमोर ठेवून लिहिलं. वॉरंटीचं पण खरं. कोल्हापूरहून घेतलं तर आयजीएसटी लागतो आणि इथं घेतलं तर सीजीएसटी-एसजीएसटी, पण क्रेडिट दोन्हीचं मिळतं, त्यामुळे लोक टॅक्स बघून तिकडून आणतात त्याला अर्थ नाही. बदलून कोण देतो तेवढं बघा.

लॅबवाली, खानापूर

तुम्ही सगळे स्पीड आणि रेंजवर भांडताय, मला एक वेगळंच सांगायचंय. माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. आमच्या पोरींनी पेशंटच्या नातेवाईकांना तोच पासवर्ड दिला जो रिपोर्टच्या कॉम्प्युटरला होता. एक दिवस प्रिंटरमधून कुणाचे तरी लग्नाचे फोटो निघाले, तेव्हा कळलं की बाहेर बसलेल्या मुलाला आमचा प्रिंटर दिसतोय. प्रिंटर दिसतो म्हणजे बाकीचं पण दिसत असणार, पेशंटचे रिपोर्ट सुद्धा. त्या रात्री मला झोप आली नाही हो. मग एकाने गेस्टसाठी वेगळं नाव आणि वेगळा व्हीलॅन (त्याच सामानावर चालणारं, पण अलग ठेवलेलं नेटवर्क) करून दिला. म्हणून माझा पहिला प्रश्न केबलही नाही आणि कंपनीही नाही, तो डबा दोन नेटवर्क खरोखर वेगळी ठेवतो का हा आहे. नुसती दोन नावं दिसणं वेगळं.

आणि कंट्रोलरचं, म्हणजे सगळे डबे एका जागेवरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, कुणीतरी नीट सांगा. आमच्याकडे तो रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर टाकून दिला, संध्याकाळी कॉम्प्युटर बंद केला की गेस्टचं लॉगिन पान उघडत नाही.

केबलआधी

ताई, तुमचा मुद्दा माझ्यापेक्षा महत्त्वाचा आहे, मी तो वर लिहायलाच पाहिजे होता. व्हीलॅन फक्त ऍक्सेस पॉइंटमध्ये असून भागत नाही, स्विचला आणि राऊटरला पण तो कळला पाहिजे, नाहीतर वर वेगळं आणि खाली परत एकत्र. म्हणून साधा अनमॅनेज्ड पीओई स्विच घेऊ नका, थोडे जास्त घालून मॅनेज्ड, म्हणजे व्हीलॅन सेट करता येणारा घ्या.

कंट्रोलरचं असं आहे. टीपी-लिंकच्या ओमाडामध्ये किंवा युबिक्विटीच्या युनिफायमध्ये कंट्रोलर बंद असला तरी साधं वायफाय चालू राहतं, सेटिंग बदलायला आणि गेस्टच्या लॉगिन पानाला तो लागतो. त्यासाठी छोटा कंट्रोलरचा डबा मिळतो, तो स्विचशेजारी ठेवा, रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर नको. किंवा लॉगिन पानच काढून टाका, गेस्टचा साधा पासवर्ड लिहून भिंतीवर लावा आणि दर महिन्याला बदला. लॅबला तेवढं पुरतं. अरुबा इन्स्टंट ऑनमध्ये कंट्रोलर क्लाउडवर असतो आणि त्याचं वर्गणी-बिर्गणी काही नाही. उलट मेराकीसारख्या सामानात लायसन्स संपलं आणि भरलं नाही तर मुदतीनंतर नेटवर्कच थांबतं, म्हणून छोट्या धंद्याला मी ते कधी सुचवत नाही. पैसे देऊन घेतलेली वस्तू भाड्यावर राहिल्यासारखी होते.

जुनापण_भारी

बेंगळूरला ऑफिसं बंद झाली की रकस, सिस्कोचे जुने ऍक्सेस पॉइंट किलोवर विकल्यासारखे मिळतात. हजार दोन हजारात जो डबा मिळतो तो नवीन असताना चाळीस-पन्नास हजारांचा होता. नवीन प्लास्टिकपेक्षा जुनं लोखंड कधीही चांगलं. तुम्ही लोक उगाच नव्याच्या मागं लागलाय.

केबलआधी

अँटेना चांगल्या असतात त्यांच्या, खोटं नाही. पण त्यातले बरेच मोठ्या कंट्रोलरशिवाय चालूच होत नाहीत, वेगळं फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) घालावं लागतं, ते मिळतंच असं नाही. आणि कंपनीने अपडेट बंद केलेला डबा दुकानात लावायला मी तयार नाही. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ (वायफायचं पासवर्डवालं कुलूप) मधलं क्रॅक नावाचं भोक सापडलं, तेव्हा ज्यांना अपडेट आलं ते वाचले, ज्यांचे डबे म्हातारे झाले होते ते तसेच राहिले. घरी शिकायला घ्या, मी पण घेतलाय. ताईंच्या लॅबमध्ये नको.

निपाणीकर

बरं ते जाऊ दे. खोक्यावर ३००० लिहिलेलं असतं त्याचं काय? आमचा मेश १८०० चा आहे, मग बदलू का?

केबलआधी

नको! हा आकडा दोन बँडची बेरीज असतो. एएक्स३००० म्हणजे २.४ वर ५७४ आणि ५ वर २४०२ एमबीपीएस, आणि ते २४०२ पण १६० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर, कागदावर. एवढा रुंद चॅनेल बाजारपेठेत मोकळा कुठं मिळतो? तुमचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं, यूपीआय पेमेंटला लागतात थोडेसे केबी. मी दुकानात ५ गिगाहर्ट्झला ४० ची रुंदी ठेवतो, २.४ ला २० ची, आणि चॅनेल १, ६, ११ असे मजल्यागणिक वाटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पॉवर कमी करतो. लोकांना हे उलटं वाटतं. तिन्ही डबे फुल पॉवरवर ठेवले तर वर गेलेला फोन खालच्याच डब्याला चिकटून बसतो, कारण कुठल्या डब्याला जोडायचं हे फोन ठरवतो, डबा फक्त सुचवू शकतो.

आता केबलचं, ज्यासाठी हा विषय काढला. स्टेशन रोडच्या बाजूला एका लॉजमध्ये रात्री दहानंतर ऍक्सेस पॉइंट आपोआप बंद-चालू व्हायचे. दोनदा डबे बदलले, मालक वैतागले, कंपनीला शिव्या. मी गेलो, प्लग कापला, आतली एक तार घेतली आणि ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली पांढरी धातू. सीसीए! ॲल्युमिनियमला वरून तांब्याचा मुलामा. त्याचा रेझिस्टन्स जास्त, साठ-सत्तर मीटर गेल्यावर व्होल्टेज पडतो, रात्री सगळ्या खोल्या भरल्या की डबा जास्त वीज मागतो आणि ती मिळत नाही. ज्याने टाकली त्याने बिलावर कॅट सिक्स लिहिलं होतं. मालकाचे डब्यांचे पैसे दोनदा गेले ते असे. म्हणून म्हणतो, ३०५ मीटरचा बॉक्स उचलून बघा, हलका लागला तर घेऊ नका, आणि तार समोर खरवडून दाखवायला सांगा.

फौंड्रीवाला उद्यमबाग

हे खरवडायचं आजच करतो. आमच्या नव्या शेडची केबल मी बघितलीच नाही.

शहापूरचा साडीवाला

नमस्कार, ते दुकान माझंच. सगळं वाचलं. लॅबवाल्या ताईंचं वाचून पहिल्यांदा गल्ल्याच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला, आमच्याकडेही तोच सगळ्यांना दिलेला होता. केबलआधी दादा, माझी भीती निपाणीकरांनी सांगितली तीच, भिंतीची पूड. जिन्याच्या मागच्या बाजूला जुनी खिडकी आहे, बंद केलेली, तिथून तिन्ही मजल्यांना केबल चढवता येईल का? म्हणजे ड्रिल एकाच ठिकाणी, तेही साड्यांपासून लांब.

केबलआधी

येते की! ती खिडकी मी बघितलीच नव्हती, मागं कपाट होतं. मग भोकं तीनच, आणि प्लास्टिक धरून मारू. पहिल्या मजल्यावर ट्रायलचे मोठे आरसे आहेत तेवढे टाळून डबा लावू, आरशाच्या मागच्या मुलाम्याने सिग्नल उलटा फिरतो. आधी एकच डबा शिडीवर बांधून, खाली केबल नुसती सोडून बघू. तुम्ही फोन घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात जायचं, मी आकडे लिहितो. सिग्नल वजा ६७ डीबीएमच्या आसपास (शून्याच्या जेवढा जवळ तेवढा चांगला) सगळीकडे आला तरच भिंतीला हात लावायचा.

निपाणीकर

शिडीवाली टेस्ट आवडली. मेश बद्दल माझं मत तेच, भाड्याच्या दुकानाला मेशच. पण गोडाऊनच्या डब्यापर्यंत एक केबल टाकून बघतो, मालक बाहेरून टाकू देईल असं वाटतंय.

शहापूरचा साडीवाला

दादा, सोमवारी सकाळी आठला या, दुकान दहाला उघडतं. शिडी आमच्याकडे आहे. केबलचा बॉक्स न फोडता आणा, तार मीच खरवडतो.