एकाच कॉम्प्युटरवर मराठी, कन्नड, उर्दू, मोडी: तुम्ही कसं जमवलं?

सांगली-साताऱ्याकडं घरटी दोन-दोन भाषा बोलल्या जातात, तरी कॉम्प्युटरवर बसलं की इंग्रजी अक्षरात मराठी लिहिणारे ढिगानं भेटतात, म्हणून हा धागा. कुठला कीबोर्ड घेतला, हात कसा बसला, सगळं लिहा.

जत: आमच्या घरी कन्नड, माझी शाळा मराठी. विंडोजच्या सेटिंगमधी टाइम अँड लँग्वेजला जाऊन दोन्ही भाषा जोडल्या, विंडोज की धरून स्पेस मारला की भाषा बदलती. माझं मत इन्स्क्रिप्टलाच, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कीबोर्डच्या मांडणीला, कारण त्यात आपल्या देशातल्या बहुतेक लिप्यांची मांडणी एकच आहे, डावीकडं स्वर, उजवीकडं व्यंजनं, के दाबला की मराठीत क येतो आणि कन्नडमधी पण त्याच बटणावर क, त्यामुळं मराठी बोटात बसली तेव्हाच कन्नड पण बसली, वेगळी शिकावीच लागली नाही. आईच्या वहीतली कन्नड भजनं आता मीच टाइप करून देते, मोठ्या अक्षरात, तिला चष्म्याशिवाय वाचता येतात.

मिरज: उर्दूचा कीबोर्ड पण तसाच जोडायचा. ओळ उजवीकडनं सुरू व्हायला कंट्रोल आणि उजवं शिफ्ट दाबा. फॉन्ट मात्र नस्तालिकच घ्या, म्हणजे तिरक्या उतरत्या वळणाचा, घरातल्या मोठ्यांना तोच वाचायची सवय असती.

कराड: मी डीटीपीवाला. ज्यांचा हात टाइपरायटरपासून रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या बटणांच्या मांडणीवर) बसलाय त्यांनी तो उगं मोडू नये, युनिकोडमधी, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत, लिहिणारा रेमिंग्टन पण मिळतो. युनिकोड मात्र पाहिजेच. जुन्या फॉन्टात आतमधी इंग्रजी अक्षरंच साठवलेली असत्यात, वरनं नुसतं मराठी दिसतं, मग तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर पत्रिका उघडली की सगळी गिचमिड. माझ्या जुन्या फायली मी कन्व्हर्टरमधनं काढतोय, पण प्रत्येक ओळ डोळ्याखालनं घालावी लागती, जोडाक्षरं तुटत्यात.

सातारा: मोडी युनिकोडमधी २०१४ ला आली. नोटो सान्स मोडी फॉन्ट घातला, आणि अक्षरमुख म्हणून मोफत साधन आहे त्यात देवनागरी टाकली की मोडी मिळते. घरातले जुने कागद वाचायला शिकतोय, सरावाला लई उपयोग होतो.

वाई: जतच्या ताई, इन्स्क्रिप्टमधी ‘दुसऱ्या’ लिहिताना माझा र वर चढून बसतो, काय करू?

जत: दादा, साधा र नका घेऊ. शिफ्ट धरून जे, मग डी, मग य.

वाई: आलं आलं! दुसऱ्या, कोपऱ्यात, साताऱ्याला.