मेनमधील लाकूडतोड व्यावसायिकांना आपत्ती मदत शेतकऱ्यांनंतर वर्षभराने का मिळाली?

प्रश्न (हिशेबनीस)

अमेरिकेतील मेन राज्याच्या फ्रँकलिन काउंटीत मी लहान व्यावसायिकांच्या कराचे हिशेब पाहते. 2020 च्या उन्हाळ्यात एका दुग्धव्यावसायिकाला करोना काळातील केंद्रीय मदत लगेच मिळाली. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या आणि ओंडके तोडून वाहून नेणाऱ्या माझ्या दुसऱ्या अशिलाला मात्र 2021 च्या जुलैपर्यंत अर्जसुद्धा करता येत नव्हता. 15 एप्रिल 2020 रोजी ‘जे’ (Jay) नावाच्या गावातील कागद कारखान्यात लाकूड शिजवण्याच्या टाकीचा स्फोट झाला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण तेथील लाकूडखरेदी थांबली. या अशिलाने वजनकाट्याच्या पावत्यांचा खोका माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा त्याला डिझेल आणि राळेचा वास येत होता. मार्चपर्यंतच्या पावत्यांचे जाड गठ्ठे होते, मेच्या सगळ्या पावत्या एका चिमट्यात मावल्या. एकाच काउंटीतील दोघांना इतका वेगळा न्याय कशामुळे मिळाला?

उत्तर (कृषिधोरणाची अभ्यासक)

आपण विचारलेल्या फरकाचे मूळ हे आहे की अमेरिकेची शेतीमदत पिकाच्या, जनावरांच्या किंवा जमिनीच्या मालकाला डोळ्यांसमोर ठेवून आखली जाते, आणि लाकूडतोड करणाऱ्याच्या मालकीचे यांपैकी काहीच नसते. झाड दुसऱ्याचे, जमीन दुसऱ्याची, त्याची फक्त यंत्रे आणि त्यांवरील कर्ज. वादळाने जंगल पडले तरी त्याच्या पुनर्लागवडीसाठी 75 टक्क्यांपर्यंत खर्च देणारी योजना खासगी वनजमिनीच्या मालकासाठी आहे, तोडणाऱ्यासाठी नाही.

2020 च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या पहिल्या अन्नसाहाय्य योजनेत शेतकऱ्यांसाठी 16 अब्ज डॉलर थेट मदत होती. दुधासाठी उत्पादनाला ठरावीक दराने गुणले की रक्कम ठरत असे. स्वतःचे उत्पन्न किती घटले हे त्या शेतकऱ्याला दाखवावे लागत नव्हते. लाकूडतोड व्यावसायिकांसाठी सिनेटर सुझन कॉलिन्स आणि प्रतिनिधी जॅरेड गोल्डन यांनी त्याच वर्षी विधेयक मांडले, परंतु 20 कोटी डॉलरची तरतूद डिसेंबरच्या खर्चविषयक कायद्यातच झाली. प्रत्यक्ष अर्ज 22 जुलै ते 15 ऑक्टोबर 2021 या काळात घेतले गेले, आणि येथे मात्र प्रत्येकाला 1 जानेवारी ते 1 डिसेंबर 2020 या काळातील ढोबळ उत्पन्न (खर्च वजा न करता झालेली एकूण जमा) 2019 च्या तुलनेत किमान 10 टक्क्यांनी घटल्याचे दाखवावे लागले. मला ही अट अन्यायाची वाटते. समजा, 2019 मध्ये 6 लाख डॉलर आले आणि 2020 मध्ये 5 लाख 10 हजार, तर 90 हजारांच्या घटीवर 80 टक्क्यांनी 72 हजारांचा हिशेब होतो. पण 5 लाख 46 हजार आले असतील, तर घट 9 टक्के ठरते आणि हाती काहीच येत नाही. कमाल मर्यादा 1 लाख 25 हजार डॉलर होती.

उत्तर (ट्रकमालक)

वरील विवेचन बरोबर आहे, पण खरी अडचण ढोबळ उत्पन्न हाच निकष ठेवण्यात आहे. जवळचा कारखाना बंद झाल्यावर ज्याने दूरच्या कारखान्यापर्यंत माल नेला, जास्त डिझेल जाळले, टायर झिजवले आणि रात्री उशिरा घरी आला, त्याची जमा फारशी घटलेली दिसत नाही; खर्च मात्र वाढलेला असतो, आणि त्याची दखल या अर्जात कुठेच घेतली जात नाही. ज्याने यंत्र उभे करून ठेवले, तो पात्र ठरला. धडपड करणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखे हे आहे, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. आपले उत्तर वाचून मी तो खोका पुन्हा उघडला. माझ्या अशिलाची घट 14 टक्के होती, त्यामुळे त्याला मदत मिळाली. त्याच्या भावाने मात्र तो उन्हाळाभर लांब पल्ल्याच्या फेऱ्या केल्या होत्या. त्याची घट 8 टक्क्यांवर थांबली, आणि अर्ज भरू नका असे मीच त्याला सांगितले होते.