माउंटन पास खाणीत पैसे गुंतवण्यास कोणते कारण पुरेसे?

प्रश्न : कॅलिफोर्नियातील माउंटन पास येथे दुर्मिळ मृदा धातूंची खाण चालवणाऱ्या एमपी मटेरियल्सचे थोडे शेअर घेण्याचा विचार आहे. विजेवरील मोटारींच्या चुंबकांना निओडिमियम लागते, एवढे कारण पुरेसे आहे का?

प्रतिसाद १ : नाही. मागणीचे हेच कारण सांगून या खाणीची आधीची मालक कंपनी मॉलिकॉर्पने तिच्याच जोरावर २०१० मध्ये १४ डॉलरने शेअर विकले. चीनने या धातूंची निर्यात आवळताच शेअरचा भाव ७० डॉलरच्या पुढे गेला, पण धातूंचे दर कोसळले आणि २०१५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. खड्डा तोच आहे.

प्रतिसाद २ : फरक आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने ४० कोटी डॉलरचे प्राधान्य शेअर घेण्याचे ठरवले आणि निओडिमियम-प्रॅसिओडिमियम या चुंबकांच्या धातुजोडीला किलोमागे ११० डॉलरचा किमान दर दहा वर्षांसाठी बांधून दिला, त्यामुळे मॉलिकॉर्पला भोवलेली दरघसरण आता बरीचशी सरकारच्या अंगावर जाते. मला तरी हेच खरे कारण वाटते.

प्रतिसाद १ : मान्य, मात्र धातूचा दर बांधला म्हणून शेअरचा भाव बांधला जात नाही. शिवाय बॅस्टनेसाइट हे इथले खनिज दळून हाती येतो तो सगळ्या धातूंचा गोळा. द्रावकांच्या टाक्यांमागून टाक्यांतून ते वेगळे करावे लागतात, म्हणून उत्खननापेक्षा विलगीकरणाचे तिमाही आकडे आधी वाचावेत.