वारंवारता वाढवली की सेन्सर सुधारतो?

कंपनवेडा: कंपणाऱ्या स्फटिकावर काही चिकटलं की वारंवारता घसरते, त्यावरून वजन मोजणाऱ्या सेन्सरबद्दल परवा इथेच एकाने लिहिलं, "5 मेगाहर्ट्झचं क्वार्ट्झ मोडीत काढा. संवेदनशीलता वारंवारतेच्या वर्गाने वाढते, मग गिगाहर्ट्झला कंपणारे पातळ थरांचे एफबार सोडून जुनं कवटाळायचं कशाला?" वाचून डोकं फिरलं. चिकटलेल्या वस्तुमानावरून वारंवारतेची घट काढणारं साउअरब्रेचं 1959 चं सूत्र आम्हालाही पाठ आहे, पण ते फक्त सिग्नल सांगतं. गोंगाटाचं काय? तोही वारंवारतेबरोबर वाढतो, वर क्यू, म्हणजे कंपन किती टोकदार ते, घसरतो. कमीत कमी किती वस्तुमान खात्रीने मोजता येतं, ते बोला. ॲल्युमिनियम नायट्राइडचा साधा एफबार तापमानाच्या एका अंशाला साधारण 25 पीपीएम (दशलक्षात 25 भाग) सरकतो. 2 गिगाहर्ट्झला ते झाले 50 किलोहर्ट्झ! एटी-कट, म्हणजे ठराविक कोनात कापलेलं, क्वार्ट्झ 25 अंशांजवळ जवळपास हलत नाही.

पातळथर: ते वाक्य माझं, आणि मी ठाम आहे. सिलिकॉन डायऑक्साइडचा थर द्या, शेजारी जुळा रेझोनेटर (तसाच कंपणारा भाग) ठेवून वजाबाकी करा. तापमान आटोक्यात.

कंपनवेडा: त्या थराने जाडी वाढते, कपलिंग (विजेचं कंपनात रूपांतर) कमी होतं, संवेदनशीलता जाते. हे नेमकं का गाळता?

ओलाहात: दोघंही हवेतच भांडताय. पाण्यात या. 5 मेगाहर्ट्झचा स्फटिक एका बाजूने पाण्यात गेला की सुमारे 700 हर्ट्झ खाली येतो. पाण्याची श्यानता (दाटपणा) अंशाला 2 टक्क्यांच्या आसपास बदलते, घट तिच्या वर्गमुळाने बदलते, म्हणून 1 टक्का, म्हणजे 7 हर्ट्झ. 1 हर्ट्झला 17.7 नॅनोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर धरा. एका अंशात शंभराहून जास्त नॅनोग्रॅमचा भास! इथे एटी-कटची पुण्याई कामाला येत नाही. आणि स्फटिकाभोवती पाणी अडवायला स्क्रूने आवळलेल्या रबरी कडीबद्दल, ओ-रिंगबद्दल, कुणीच का लिहीत नाही?

बेसलाइन: लिहितो. आमच्याकडे एक सहकारी प्रथिन चिकटल्याचा सुंदर आलेख मिरवत होता. प्रथिनाशिवाय नुसतं बफर (ज्यात प्रथिन विरघळवतात ते द्रावण) सोडलं, तरी तोच आलेख. ओ-रिंग हळूहळू दबत होती, स्फटिकावरचा ताण बदलत होता. विक्रेते संवेदनशीलता ठळक छापतात, तासाभरात आपोआप होणारी सरक मात्र विचारावी लागते. याचा मला मनापासून राग आहे.

पातळथर: एफबारला स्क्रू आवळावेच लागत नाहीत.

बेसलाइन: पॅकेजच्या गोंदाचा ताण कुठे जातो? वापरलाय तरी का कधी?

पातळथर: वैयक्तिक होऊ नका. रोज वापरतो.

ओलाहात: मग हेही माहीत असेल की जाडीच्या दिशेने कंपणारा एफबार पाण्यात ऊर्जा सांडून बसतो. पृष्ठभागाला समांतर, आडवं कंपन लागतं.

पातळथर: बरं, पाण्यापुरतं मागे घेतो. वायूंसाठी एक अक्षरही नाही.

कंपनवेडा: मग वायूतली रात्रभराची बेसलाइन (काहीच न चिकटवता घेतलेली नोंद) आणि ॲलन डेव्हिएशन (वारंवारता किती स्थिर राहते त्याचं माप) टाका इथे. तोवर माझं क्वार्ट्झ मोडीत निघणार नाही.