मदत हवी आहे: वेल्समध्ये शांत, सोपा डोंगर (शनिवारसाठी)

कार्डिफवासी: आईबाबा साताऱ्याहून आलेत. रविवारी पेन-इ-फॅन डोंगरावर नेलं तर गाडी लावायला जागा मिळेना, वाटेवर जत्रेसारखी रांग. बाबा अर्ध्यातून परतले. गर्दी नसलेला, बेताच्या चढाचा डोंगर सुचवा. लवकर सांगा प्लीज.

सह्यवेडी: बाबा का परतले? दम लागला की गुडघे? गाडीने जाणार का?

जुना वाटाड्या: शुगरलोफ! ५९६ मीटर. लानवेनार्थच्या पार्किंगपासून निघा. मी दरवर्षी जातो.

अस्ककाठ: शुगरलोफ शनिवारी शांत नसतो आणि माथ्याजवळ खडा चढ आहे. समोरचा ब्लोरेंज बघा, ५६१ मीटर.

जुना वाटाड्या: ब्लोरेंज? आम्ही लानफॉइस्टहून चढलो तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या. वयस्कर माणसांना तिकडे पाठवू नका.

अस्ककाठ: ती खालच्या अॅबरगाव्हेनी गावाच्या बाजूची वाट. मी वरच्या फॉक्सहंटर पार्किंगबद्दल बोलतेय. बराचसा चढ गाडीच चढते.

भाषावेडा: पेन-इ-फॅन नाही, ‘पेन-अ-व्हान’. वेल्शमध्ये एकट्या एफचा उच्चार व्ह होतो.

पुणेकर लंडनमध्ये: स्नोडनला लानबेरिसहून छोटी रेल्वे वरपर्यंत जाते. चालायलाच नको.

सह्यवेडी: अहो, त्यांना चालायचंच आहे. शिवाय कार्डिफहून स्नोडन म्हणजे दिवस रस्त्यातच.

कार्डिफवासी: सॉरी, गाडी आहे. बाबांचे गुडघे उतरताना दुखतात. सोबत पाच वर्षांची मुलगी. बाबांना वर शांत बसून डबा खायचाय, बाकी काही नको.

अस्ककाठ: मग फॉक्सहंटरच. वाट जवळजवळ सपाट आहे, पण दगड आणि पाणथळ जागा आहेत, बूट घाला. माथ्यावरून थोडं पुढे उत्तरेच्या कडेकडे गेलात की खाली अॅबरगाव्हेनी, अस्क नदीची वळणं, समोर शुगरलोफ आणि स्किरिड हे डोंगर. बाबांना तिथे बसवा, वाऱ्याकडे पाठ करून. धुकं आलं तर मात्र लगेच फिरा. माथा सपाट, दिशा कळत नाही. पार्किंगजवळचे दोन उंच मनोरे नजरेत ठेवा. मुलीला पार्किंगजवळचं फॉक्सहंटर घोड्याचं स्मारक दाखवा. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं ब्रिटनचं एकमेव सुवर्णपदक त्याच्या संघाचं.

जुना वाटाड्या: त्या बाजूने मी गेलेलो नाही, मान्य. बाबांना काठ्या द्या, उतरताना दोन्ही हातांत.

कार्डिफवासी: काठ्या कुठे मिळतील, उद्याच्या उद्या?