बल्गारी आक्वा पूर ओम: शेवाळाचा वास हा मूळ स्वभाव की बाटली बिघडली? (मदत हवी आहे)

नमस्कार. व्यापारी जहाजावर नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने गेल्या दिवाळीत मला बल्गारीचे आक्वा पूर ओम हे अत्तर आणून दिले. त्याविषयी एका शंकेचे निरसन जाणकारांनी करावे, अशी विनंती आहे.

तोवर मी वापरलेले सागरी सुगंध म्हणजे दाविदॉफचे कूल वॉटर आणि अरमानीचे आक्वा दि जिओ. दोन्ही मला आवडतात, पण मालवणात जन्म गेलेल्या माणसाला त्यांत आपला समुद्र सापडत नाही. धुऊन वाळवलेल्या कपड्यांचा टवटवीतपणा सापडतो. आक्वा तसे नाही. आधी संत्र्याची साल नखाने सोलावी तसा आंबटसर झोत येतो आणि तो ओसरला की ओहोटीला उघड्या पडलेल्या कातळाचा वास उरतो: ओले शेवाळ, खारा दमटपणा, किंचित कडवट हिरवेपणा. दोन-तीन तासांनी त्याखालून उबदार अंबर वर येते. मित्राने यात व्हेल माशाची 'उलटी' आहे का, असे विचारले. आपल्या किनाऱ्यावर तिच्या तस्करीच्या बातम्या येत असतात, म्हणून स्पष्ट करतो: तिला अंबरग्रीस म्हणतात आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिचा व्यापार बेकायदेशीर आहे. अत्तरातील 'अंबर' हा सहसा राळ, व्हॅनिला अशा घटकांतून जुळवलेला वेगळाच गंध असतो.

मी थोडे वाचन केले आहे. सागरी सुगंधांची लाट ज्या कॅलोनमुळे आली, तो रेणू 1966 मध्ये फायझरच्या प्रयोगशाळेत सापडला. त्याचा वास कलिंगड आणि ताज्या कालवांच्या मधोमध कुठेतरी येतो. 1988 च्या अरामिस न्यू वेस्ट या अत्तरात तो ठळकपणे वापरला गेला आणि नव्वदच्या दशकात सगळीकडे पसरला. बहुतेकांनी त्यातला कलिंगडाचा गोडवा उचलला आणि कालवे बाजूला ठेवली. अत्तरकार जाक काव्हालिए यांनी 2005 मध्ये घडवलेल्या आक्वाच्या मध्यभागी मात्र पोसिडोनिया हे भूमध्य समुद्रातले सागरी गवत असल्याचे सांगितले जाते. म्हणजे शेवाळाची छटा मुद्दाम योजलेली असावी, आणि मला ती मनापासून आवडते.

मग शंका कशाची? सौभाग्यवतींना हा वास डिसेंबरात आवडला होता. आता फाल्गुनात त्यांचे म्हणणे असे की, मी खोलीत आलो की रापणीचे ओले जाळे आत आणल्यासारखे वाटते. बाटली चार महिने पश्चिमेच्या खिडकीजवळच्या फळीवर होती आणि दुपारनंतर तिच्यावर ऊन येत असे, ही माझी चूक. उष्णतेने आणि उजेडाने लिंबूवर्गीय घटक सर्वांत आधी खराब होतात, हे मला उशिरा कळले. काल मी एक फवारा कोऱ्या कागदावर आणि एक मनगटावर मारून पाहिला. कागदावर संत्रे वीस-पंचवीस मिनिटे टिकले, मनगटावर जेमतेम आठ. द्रवाचा रंग बदललेला दिसत नाही आणि कुबट किंवा आंबूस वासही येत नाही. त्यामुळे दोष बाटलीचा नसून इथल्या दमट हवेचा आणि घामाचा असावा, असे मला वाटते, परंतु ताडून पाहायला दुसरी बाटली जवळ नाही.

ज्यांच्याकडे अलीकडे घेतलेले आक्वा आहे, त्यांनी कृपया सांगावे की तुमच्या अंगावर सुरुवातीचे संत्रे किती वेळ टिकते आणि शेवाळ इतके पुढे येते का. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्याच्या हवेतला अनुभव असेल तर फार उपयोग होईल, कारण पुण्याच्या कोरड्या हवेत त्याचे वागणे वेगळे असू शकते. कातडीऐवजी सुती सदऱ्यावर फवारून कोणी पाहिले आहे का?

घाईचे कारण असे की, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वेंगुर्ल्यात भाच्याचे लग्न आहे. मांडवात सुरंगीचे गजरे असणार, आणि सुरंगीचा तो दाट, मधाळ वास शेजारी असताना आक्वाचा खारेपणा खुलेल की दोन्ही एकमेकांना मारतील, याचा मला अंदाज येत नाही. एक फवारा पुरे की त्या दिवशी कूल वॉटरच लावावे?