पाठशाळा वगळली तर पारो देवदासची होईल का?

ओसरी
गेल्या आठवड्यात आईच्या कपाटातला जुना मराठी ‘देवदास’ पुन्हा वाचून काढला. शरदबाबूंची, म्हणजे शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची, ही बंगाली कादंबरी १९१७ साली छापली गेली, लिहिली होती त्याच्या कितीतरी आधी, तरुणपणी. आपल्या डोक्यात बहुधा सिनेमाच असतो, म्हणून कादंबरीतलं बालपण आधी थोडक्यात सांगते. तालसोनापूर गाव, वैशाखातली दुपार, पाठशाळा. देवदास भुलो नावाच्या मोठ्या पोराला चुन्याच्या ढिगात ढकलतो आणि पळून आमराईत लपतो. तो कुठे आहे हे एकट्या पारोला ठाऊक. ती पदरात मुरमुरे बांधून त्याला नेऊन देते.

आता समजा, हे काहीच घडलं नाही. पारोचं चक्रवर्ती कुटुंब देवदासच्या शेजारी राहायला आलं तेच मुळी पारो तेरा वर्षांची असताना. कलकत्त्याहून सुट्टीवर आलेला, विलायती बूट आणि सोन्याच्या साखळीचं घड्याळ घातलेला जमीनदाराचा मुलगा तिला पहिल्यांदाच दिसतो. प्रेम जमेल?

मला वाटतं, ओढ वाटेल, पण ती रात्र घडणार नाही. दोन्ही घरांनी लग्न नाकारल्यात जमा असताना पारो मध्यरात्री एकटी त्याच्या खोलीत जाते. तो घाबरतो, लोकांना तोंड कसं दाखवशील विचारतो. तिचं म्हणणं एवढंच, की तू माझी लाज झाकशील ही खात्री नसती तर मी आलेच नसते. ही खात्री बघताक्षणी जडलेल्या प्रेमात येत नाही. ती मुरमुऱ्यांच्या दिवसांतली आहे.

निरंजन७२
असहमत. खात्री होती खरी, पण ती खोटी ठरली त्याचं काय? देवदासने तिची लाज झाकली का? तो कलकत्त्याला निघून गेला आणि तिथून पत्र पाठवलं, की तुझ्यावर माझं फार प्रेम आहे असं मला कधी जाणवलंच नाही. पारो ज्या मुलाला ओळखत होती तो आमराईतला मुलगा होता. समोर उभा होता तो वडिलांना घाबरणारा तरुण. बालपणामुळे तिला हा फरक दिसला नाही.

आणि त्यालाही. लहानपणापासून ती अंगणात, घाटावर, कुठेही सहज भेटायची, म्हणूनच ती हातातून जाईल हे त्याच्या मनातच आलं नाही. नव्याने भेटली असती तर हे पत्र त्याने लिहिलंच नसतं. माझ्या मते बालपणाने हे प्रेम बुडवलं.

सायली_ठाणे
ओसरी, तू मुरमुरे सांगितलेस, मार नाही सांगितलास. त्याच बालपणात देवदास तिला इतकं बडवतो की ती रडत घरी जाते, आणि घरी सांगते की पंडितजींनी मारलं! त्याचं नाव घेत नाही. पुढे लग्न ठरल्यावर घाटावर तो मासे पकडायच्या गळाची काठी तिच्या कपाळावर मारतो, रक्त येतं, आणि ती तेही सांभाळून घेते. सात-आठ वर्षांच्या वयात जे गिळायला शिकली तेच तेराव्या वर्षी गिळलं. पाठशाळा काढून टाका, मग घाटावरची ही मुलगी त्या काठीकडे प्रेमाची खूण म्हणून बघणार नाही. सरळ घरी जाऊन सांगेल, शेजारच्या मुलाने मला मारलं. मला ती पारो हवी आहे.

कोकणकडा
सगळे आजच्या काळातून बोलताय. १९०० च्या आसपासचं बंगालमधलं खेडं आहे हे. १८९१ च्या कायद्याने संमतीवय वाढवलं तेही दहावरून बारा. तेराव्या वर्षी पारोचं लग्न झालेलं नाही म्हणून घरात काळजी सुरू झालेली आहे. अशा वयाची मुलगी परक्या मुलाशी बोलणार कशी? ती त्याला ‘देवदा’ म्हणते. दादातला दा. लहानपणापासून तोंडात बसलेली हाक होती म्हणून मोठेपणी कुणी टोकलं नाही. नवीन शेजारीण असती तर हाक मारायला शब्दच नव्हता तिच्याकडे. त्या समाजात लग्नाआधी प्रेम जमायचं ते बालपणाच्याच आडोशाला. ते काढलंत तर पारो पडद्याआडून त्याला दोनदा बघेल आणि तिसऱ्या महिन्यात हातीपोताच्या जमीनदाराशी तिचं लग्न होईल. कादंबरी दहा पानांत संपली.

वाचनवेडी
बालपणाशिवायचं प्रेम शरदबाबूंनीच लिहून ठेवलंय की. चंद्रमुखी, कलकत्त्याची गणिका. ती देवदासला प्रथम भेटते तेव्हा दोघांमध्ये मागचं काही नाही, आणि तरी ती धंदा सोडते, अशथझुरी नावाच्या खेड्यात जाऊन साधी राहते, त्याला शोधत परत कलकत्त्याला येते. पारोपेक्षा तिचं प्रेम मला कधीच कमी वाटलं नाही.

निरंजन७२
@वाचनवेडी, +१. हे मला सुचायला हवं होतं.

ओसरी
वाचनवेडी, पण तिचं एकटीचं ना? देवदास तिच्याकडे पहिल्यांदा तिरस्काराने पैसे टाकून निघून जातो. पुढे मऊ झाला तरी शेवटी त्याची बैलगाडी पारोच्या सासरी, हातीपोताकडेच वळते.

सायली, मार मी सांगायला हवा होता. मला बालपणातलं गोड तेवढंच आठवलं, आणि पारोचंही तसंच झालं असणार. तुझी पारो मलाही आवडेल. फक्त ती देवदासवर प्रेम करेल असं वाटत नाही.

मैथिली_प
सिनेमाचा अनुभव सांगते. बिमल रॉय यांच्या १९५५ च्या चित्रपटात सुरुवातीला बालपण नीट, निवांत येतं. २००२ च्या भन्साळींच्या चित्रपटात ते आठवणींच्या तुकड्यांत येतं आणि नायक लंडनहून परततो. म्हणजे ओसरीचा प्रयोग अर्धा होऊन गेलाय. दुसऱ्यात मला पारो सुंदर दिसली, त्याच्यासाठी तिने तेवत ठेवलेला दिवाही लक्षात राहिला, पण हा माणूस तिला का हवा आहे ते कळलं नाही. पहिल्यात ती लहान मुलगी त्याच्यामागे धावताना बघितली होती, त्यामुळे पुढे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

सायली_ठाणे
हातीपोताबद्दल मात्र बोलायचंय. मरायला टेकलेला देवदास पांडुआ स्टेशनवर उतरून बैलगाडीने तिथे जातो ते पाठशाळेसाठी नाही. पारोचं लग्न झाल्यानंतर, देवदासचे वडील गेले तेव्हा ती माहेरी आली होती. तुझी सेवा करायची आहे, माझ्याकडे ये, म्हणाली, आणि त्याने शब्द दिला. दोन मोठ्या माणसांमधला शब्द आहे तो. तेवढा भाग मला बालपणाशिवायही पूर्ण पटतो.

ओसरी
हे पटलं. ते प्रकरण आज रात्री पुन्हा वाचते. तिथे ती त्याला काय हाक मारते ते बघायचंय.